डेटा आला, साइन-इन गेलं

नवा लॅपटॉप विंडोज ११ होमचा. जुना विंडोज १०चा, आत २.५ इंची साटा हार्ड डिस्क. ती डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि अख्खा यूजर फोल्डर, १८० जीबी, नव्या मशीनवर त्याच नावाच्या फोल्डरवर ओतला. कॉपी पूर्ण झाली. रीस्टार्ट केलं, पिन बरोबर टाकला, 'वेलकम' आलं आणि पाठोपाठ इंग्रजीत दोन वाक्यं: यूजर प्रोफाइल सर्व्हिसला साइन-इन जमलं नाही, प्रोफाइल लोड करता येत नाही. ओके दाबलं की पुन्हा लॉक स्क्रीन. कितीही वेळा करा, तेच.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे चालू स्थितीतली मशीन बाजूला ठेवून डेटा हलवण्याची वेळ बऱ्याच घरांवर आणि छोट्या ऑफिसांवर आली. हलवताना अडकण्याच्या जागा मोजक्याच आहेत. पण प्रत्येक जागचं कुलूप वेगळं आणि किल्लीही वेगळी. म्हणून काहीही दाबण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा. 'पासवर्ड घेत नाही' एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही. पिन उपलब्ध नाही, प्रोफाइल लोड होत नाही, रिकव्हरी की द्या, या तीन ओळींचे तीन वेगळे रस्ते आहेत.

वरच्या मशीनचा रस्ता प्रोफाइलचा, म्हणजे खात्याच्या फोल्डरचा आणि सेटिंगचा. प्रत्येक यूजर फोल्डरच्या मुळाशी एनटीयूजर डॉट डॅट नावाची लपवलेली फाइल असते. त्या माणसाची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही, त्यात असते: वॉलपेपरपासून प्रोग्रामच्या सेटिंगपर्यंत. या फाइलच्या आत परवानग्या असतात आणि त्या नावावर नसतात, एसआयडीवर असतात. एसआयडी म्हणजे खातं तयार होताना विंडोज देतं तो लांबलचक क्रमांक. जुन्या आणि नव्या मशीनवर ईमेल एकच असला, फोल्डरचं नाव एकच असलं, तरी एसआयडी वेगळा. जुनी फाइल नवीवर बसली की विंडोजच्या दृष्टीनं घर एकाचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. मग एकतर साइन-इन फेटाळलं जातं, नाहीतर तात्पुरतं प्रोफाइल मिळतं, म्हणजे कोरा डेस्कटॉप, एकही फाइल नाही आणि साइन-आउट केलं की केलेलं सगळं पुसलेलं. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये तासभर काम करून ते गमावणारे कमी नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की जीव भांड्यात पडतो. स्वतःच्या खात्यात बसून स्वतःचीच एनटीयूजर डॉट डॅट बदलता येत नाही. फाइल वापरात आहे म्हणून विंडोज नकार देतं. ती बदलली गेली याचा अर्थ कॉपी दुसऱ्या अॅडमिन खात्यातून झाली, किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून. दुसरं खातं असेल तर आत जायचा दरवाजा शिल्लकच आहे.

त्या खात्यातून आत गेलो. रजिस्ट्री एडिटर उघडला आणि एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असे एकेक पायरी खाली उतरलो. तिथे एस-१-५-१८, १९ आणि २० या तीन छोट्या नोंदी सिस्टिमच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. एस-१-५-२१ पासून सुरू होणाऱ्या लांब नोंदी माणसांच्या. एकेकीवर क्लिक केलं की उजवीकडे प्रोफाइल इमेज पाथमध्ये फोल्डरचं नाव दिसतं. त्यावरून आपली नोंद ओळखायची, आधी एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवायची.

यापुढे दोन प्रकार होतात. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी असतील आणि एकीच्या शेवटी डॉट बॅक असेल, तर मूळ प्रोफाइल शाबूत आहे, विंडोजनं ते फक्त बाजूला ठेवलंय. साध्या नोंदीच्या नावापुढे डॉट ओल्ड लावायचं, दुसरीचं डॉट बॅक काढायचं, रीस्टार्ट. पण इथे हाइव्हच, म्हणजे एनटीयूजर डॉट डॅट हीच फाइल, पालटलेली होती, त्यामुळे ही अदलाबदल निरुपयोगी. म्हणून ती नोंद काढून टाकली, सी ड्राइव्हवरच्या यूजर्समधल्या त्या फोल्डरचं नाव बदलून शेवटी 'जुना' जोडलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. नाव बदलताना 'फाइल वापरात आहे' असं आलं, तर त्या खात्याचं काहीतरी अजून मेमरीत आहे. आधी रीस्टार्ट, मग थेट दुसऱ्या खात्यात. त्यानंतर मूळ खात्यात साइन-इन केलं की विंडोज पहिल्यांदा भेटल्यासारखं स्वागत करतं आणि कोरं प्रोफाइल बांधतं. एसआयडी तोच असल्यामुळे 'जुना' फोल्डर विनातक्रार उघडतो.

सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये यूजर प्रोफाइल्सची खिडकी आहे आणि तिथून 'डिलीट' करण्याचा सल्ला बरेचजण देतात. ते बटण फाइलींसकट सगळं उडवतं. 

दुसरं खातं नसेल तर लॉक स्क्रीनवरच्या पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्ट. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालणारं विंडोज. तिथे पिनवर विसंबू नका, पासवर्ड हाताशी ठेवा. मध्येच ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते, तिच्याबद्दल पुढे. सेफ मोडमध्येही प्रोफाइल उघडलं नाही, तर मात्र हिशेब करायचा. जुनी डिस्क केसिंगमध्ये जशीच्या तशी आहे ना? मग नव्या लॅपटॉपवर वाचवण्यासारखं काही नाही. दुसऱ्या मशीनवर मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवून विंडोज नव्यानं टाकणं हे रात्र जागवण्यापेक्षा स्वस्त. जुनी डिस्क आधीच फॉरमॅट केली असेल तर हा पर्याय उरत नाही.

फोल्डर फोल्डरवर ओतण्याची बुद्धी होते कुठून? बहुतेकदा नावापासून. विंडोज ११ सेटअप करताना ईमेल टाकला की यूजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं. आडनाव अर्धवट तुटतं, ते डोळ्यांत खुपतं. मग जुन्या मशीनवरचंच नाव हवं म्हणून दुसऱ्या खात्यातून फोल्डरचं नाव बदललं जातं, पण रजिस्ट्रीतला प्रोफाइल इमेज पाथ जुनाच राहतो. पुढच्या साइन-इनला घर सापडत नाही. यावर उपाय साधा: फोल्डरला पूर्वीचं नाव परत द्यायचं. आणि ते पाच अक्षरी नाव सोसायचं. लॉक स्क्रीनवर दिसणारं नाव वेगळं असतं, ते हवं तसं ठेवता येतं.

आता कॉपी पुन्हा, या वेळी निवडून. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक एवढेच. अॅप डेटा फोल्डर अख्खा घ्यायचा नाही. त्यात आकार मोठा, छोट्या फाइली हजारोंनी आणि त्यातल्या बऱ्याचशा नव्या मशीनवर मुक्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हेच उदाहरण: फोल्डर कॉपी केला तरी ते उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या विंडोज खात्याला बांधलेली आहे. ते सिंकनं न्यायचे किंवा जुन्या मशीनवर एक्सपोर्ट करून, आणि काम झालं की ती एक्सपोर्ट केलेली फाइल पुसून टाकायची, कारण तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. आउटलुक वापरात असेल तर पीएसटी फाइल, म्हणजे मेलचा साठा, शोधा. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतूनच बघा, अंदाज नको. आणि जुनी मराठी कागदपत्रं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, यूजर फोल्डरमध्ये सहसा नाहीत. ते राहिले की फाइल उघडते आणि पानभर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते.

मोठी कॉपी एक्सप्लोररनं न करता रोबोकॉपी या विंडोजच्याच कमांडनं केलेली बरी. त्यात चार गोष्टी द्यायच्या: स्लॅश ई, म्हणजे रिकाम्यांसकट सगळे उपफोल्डर, स्लॅश एक्सजे, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. एक्सजे विसरलात तर मजा. यूजर फोल्डरमध्ये 'अॅप्लिकेशन डेटा' वगैरे नावांचे फसवे फोल्डर असतात, ते खरे फोल्डर नसून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. त्यातली एक आपल्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. कॉपी तिच्यामागे फिरत राहते, पाथ लांबत जातो आणि डिस्क भरते. आर आणि डब्ल्यू न देण्याचा तोटा असा, की एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. कॉपीऑल हा पर्याय देऊ नये. तो जुन्या मालकाच्या परवानग्याही सोबत आणतो आणि मग नव्या ड्राइव्हवरच्या स्वतःच्या फाइली 'परवानगी नाही' म्हणतात. साधी कॉपी केली की फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते.

जुन्या डिस्कवरचा फोल्डर उघडतानाच परवानगी मागितली जाते, तिथे 'कंटिन्यू' दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, आणि 'ओनर'समोरचं 'चेंज'. आपलं नाव घालून उपफोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीत खूण. हे फक्त जुन्या डिस्कवर, तेही हव्या त्या फोल्डरवर. वैतागून नव्या मशीनच्या सी ड्राइव्हवर किंवा यूजर्स फोल्डरवर हाच प्रयोग करणारे आणि परवानग्यांच्या यादीतून 'सिस्टिम' हे नाव काढून टाकणारे पुन्हा पहिल्या पानावर येतात: साइन-इन होतं, पण समोर काळा पडदा.

आता ती ४८ अंकांची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे अख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय, हे बहुधा आपोआप सुरू झालेलं असतं. २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी आणखी सैल झाल्या. ज्या अॅडमिननं सर्वांत आधी मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं, त्याच्या खात्यात किल्ली जमा होते. डेटा हलवताना ही किल्ली मागितली जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बायोसमधली, म्हणजे विंडोजआधी चालू होणाऱ्या सेटिंगमधली, ढवळाढवळ. क्लोनिंगचा (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारा) किंवा लिनक्सचा पेन ड्राइव्ह चालावा म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रामनं मशीन सुरू होऊ न देणारी सेटिंग, बंद केलं, पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला परिस्थिती बदललेली दिसली, तिनं किल्ली सोडली नाही. अशा वेळी ४८ अंक शोधत फिरण्याआधी बायोसमध्ये जाऊन बदललेली सेटिंग पूर्ववत करा. पुष्कळदा मशीन निमूट सुरू होतं. टीपीएम 'क्लिअर' करण्याचा पर्याय तिथेच शेजारी असतो, त्याला चुकूनही हात लावू नका.

किल्ली लागलीच, तर स्क्रीनवर की आयडी असतो. त्याची पहिली ८ अक्षरं टिपून दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जायचं, तिथे आपल्या उपकरणांच्या विभागात रिकव्हरी कीची यादी मिळते. एकापेक्षा जास्त असतील तर आयडी जुळवूनच घ्यायची. ४८ अंक म्हणजे ६-६ अंकांचे ८ गट. प्रत्येक गटाला ११नं निःशेष भाग जातो. त्यामुळे फोनवरून कुणी अंक सांगत असेल आणि शंका आली, तर तो गट कॅल्क्युलेटरवर ११नं भागून बघा. बाकी उरली तर ऐकण्यात चूक आहे. अंकांची कळ चालत नसेल तर एफ१ ते एफ९, आणि शून्यासाठी एफ१०.

यादीत किल्लीच नाही, असं झालं तर दोन प्रश्न विचारायचे. घरात आणखी कुणाचं मायक्रोसॉफ्ट खातं यावर पहिल्यांदा वापरलं का? आणि सेटअप कुणी करून दिला? दुकानात 'सगळं तयार करून देतो' म्हणताना आपलाच ईमेल टाकून देणं सर्रास चालतं. मग किल्ली त्या खात्यात, आणि सोबत आलेलं ऑफिसही त्याच खात्याला चिकटलेलं. लॅपटॉप घेतल्याच्या दिवशीच सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो उघडून ईमेल कुणाचा आहे हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. किल्ली कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टकडेही ती परत बनवण्याचा मार्ग नाही. ड्राइव्ह पुसून नव्यानं विंडोज, एवढंच उरतं.

जुनी डिस्कही अशी कुलूपबंद असू शकते, हे विसरलं जातं. जुना लॅपटॉप चालू आहे तोवर त्यावर एन्क्रिप्शन बंद करून घ्यावं किंवा त्याची किल्ली लिहून ठेवावी, डिस्क त्यानंतरच काढावी. मदरबोर्ड गेल्यावर डिस्क बाहेर आली तर ४८ अंकांना पर्याय नाही. डिस्क 'खराब' म्हणून टाकून देऊ नका, एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर कुलूप दिसतंय का ते बघा.

काहीजण फाइली न हलवता अख्खी एसएसडीच क्लोन करून किंवा काढून नव्या मशीनमध्ये बसवतात. त्यात पिन हटकून जातो. पिन आणि बोटाचा ठसा त्या मशीनच्या चिपशी बांधलेले असतात, खात्याशी नाही. 'काहीतरी झालं आणि पिन उपलब्ध नाही' असं स्क्रीन म्हणतं. साइन-इन ऑप्शन्समधून पासवर्ड निवडायचा. तो पर्यायच दिसत नसेल तर जुन्या मशीनवर फक्त विंडोज हॅलोनं (पिन, ठसा किंवा चेहरा) साइन-इनची सक्ती चालू राहिलेली आहे. क्लोन करण्याआधी सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये ती बंद करायला हवी होती. आता पिन नव्यानं लावायचा तर इंटरनेट हवं, आणि वाय-फायचा ड्रायव्हर जुन्या मशीनचा. अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं, कीबोर्डची भाषा बदललेली असते. लॉक स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजीऐवजी मराठी दिसत असेल तर विंडोज कळ आणि स्पेस. इंग्रजीच आहे पण युनायटेड किंगडमचं, तर पासवर्डमधलं अॅटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांची अदलाबदल होते. शिफ्ट आणि २ दाबलं की अवतरण चिन्ह उमटतं. डोळ्याच्या चिन्हावर दाबून टाइप केलेलं वाचा. उजवीकडचे अंक वापरत असाल तर नम लॉक बघा. आणि चिडून प्रयत्न करत राहू नका. २०२२च्या २२एच२पासून नव्यानं टाकलेल्या विंडोज ११मध्ये १० चुकीच्या पासवर्डांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. पिनच्या चुका वाढल्या की ए, १, बी, २, सी, ३ असं टाइप करायला सांगितलं जातं. तो पासवर्ड नाही, कीबोर्ड नीट चालतोय का याची परीक्षा आहे.

लोकल खात्याचा पासवर्ड खरोखरच विसरला असेल, तर सेटअपच्या वेळी दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं कामी येतात. दुसऱ्या अॅडमिननं बळजबरीनं पासवर्ड बदलला तरी आत जाता येतं, पण त्या खात्यात साठवलेले पासवर्ड आणि हिरव्या अक्षरांत किंवा कुलपासह दिसणाऱ्या ईएफएस (विंडोजनं एन्क्रिप्ट केलेल्या) फाइली बंदच राहतात. प्रश्न आधी, बळजबरी नंतर.

पुढच्या वेळी केसिंग जोडण्याआधी नव्या मशीनवर एक जास्तीचं अॅडमिन खातं करून ठेवा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, अॅड अकाउंट, 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही', मग मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर. तयार झाल्यावर अकाउंटचा प्रकार बदलून अॅडमिनिस्ट्रेटर करायचा, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. एकदा त्यातून साइन-इन करून बाहेर या. ४८ अंक कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याकडे, वळलाय का तेही बघून घ्या. वळला असेल आणि फुकटची जागा ५ जीबीच असेल, तर १८० जीबी त्यात टाकू नका. सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून तिथे उतरवा. जुनी डिस्क निदान एक महिना केसिंगमध्येच राहू द्या. जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख आली की हमखास एखादी फाइल आठवते.